मानदुखीसाठी टेन्स मशीन : पॅड कुठे लावायचे, करंट किती ठेवायचा आणि कशासाठी?

कानामात्रा

माझं काम मुद्रितशोधनाचं. दिवसाचे सात-आठ तास मान खाली. गेल्या वर्षी एका सकाळी उठले तर मान उजवीकडे वळेचना. उसण भरली असेल म्हणून चार दिवस काढले. उसण गेली, पण उजव्या खवाट्याच्या वरच्या टोकापासून कवटीच्या बुडापर्यंत एक ओढ मागे राहिली. सकाळी कमी, दुपारनंतर जास्त, आणि रात्री कोणत्याही उशीवर डोकं टेकवलं तरी तीच.

डॉक्टरांनी नीट तपासलं. हातातली ताकद, स्पर्श, कोपरावर हातोडी मारून बघणं, सगळं ठीक. स्नायूंचं दुखणं आहे म्हणाले आणि फिजिओकडे पाठवलं. तिथे पहिल्यांदा करंट घेतला. वीस मिनिटांनी उठले तेव्हा मान हलकी झालेली होती. त्या हलकेपणाच्या भरात मी घरी वापरायचं छोटं टेन्स मशीन (त्वचेवर चिकटवलेल्या पॅडमधून हलका करंट देणारं) घेतलं.

आणि पुढचे पाच महिने ते चुकीचं वापरलं. हा धागा त्यासाठीच काढतेय.

मी काय करत होते, तर पॅड चिकटवून, सगळ्यात हलक्या करंटवर मशीन लावून आडवी पडून राहायचे. दिवसातून चारदा. मशीन मान बरी करेल अशी वाट बघत. थोडं बरं वाटायचं, तासाभरात पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तर थोडंही बरं वाटेना. मशीन बिघडलं असं मी धरून चालले. फिजिओला दाखवायला नेलं तेव्हा तिने एकच विचारलं, "दुखणं कमी असतं त्या वेळात तुम्ही काय करता?" मी म्हटलं, पडून राहते. ती म्हणाली, "मग हा वेळ वाया गेला की."

तिचं म्हणणं मला आता पूर्ण पटलंय. हे मशीन मान दुरुस्त करत नाही. ते दुखणं काही वेळ मागे सारतं. त्या वेळात मान हलवली, वळवली, स्नायूंना काम दिलं, तर दुखण्याच्या भीतीने आखडलेली मान सुटायला लागते.

हे होतं कसं, ते मला कळलं तेवढं सांगते. कोपर आपटलं की आपण ते चोळतो, आणि चोळल्यावर बरं वाटतं. स्पर्श वाहून नेणारे मज्जातंतू जाड असतात, वेदना नेणारे बारीक. दोघांचे निरोप मज्जारज्जूत एकाच नाक्यावर येतात. स्पर्शाच्या निरोपांची गर्दी झाली की वेदनेला पुढे जायला वाट कमी मिळते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली हा 'गेट कंट्रोल' सिद्धांत मांडला. टेन्सच्या मुंग्या म्हणजे विजेने केलेलं चोळणंच.

तुमच्यापैकी कोणी वापरता का? कसं वापरता? इथे फिजिओ असतील तर त्यांनी जरूर लिहावं.

अबोली

फार वेळेवर आलाय धागा. आमच्याकडे चार पॅडचं मशीन आणलंय, पण सोबतच्या पुस्तिकेतलं चित्र इतकं पुसट आहे की पॅड मणक्यावर लावायचे की बाजूला हेच कळत नाही. शिवाय बाबांचीही मान दुखते. त्यांना पेसमेकर आहे. त्यांना लावलं तर चालेल का?

पायवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अबोली, आधी बाबांचं. नको. पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं डिफिब्रिलेटर असेल तर हृदयरोगतज्ज्ञांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय टेन्स लावायचं नाही. मशीनची स्पंदनं ही हृदयाचीच हालचाल आहे असा त्या यंत्राचा गैरसमज होऊ शकतो. मान छातीच्या इतकी जवळ आहे की इथे "थोडं लावून बघू" हा विचारही करू नका.

आता पॅड. मानेच्या मागून हात फिरवलात तर खाली एक ठळक उंचवटा लागतो, तो सातवा मणका. पॅड हाडावर लावायचे नाहीत. मणक्यांच्या दोन्ही बाजूंना जे स्नायूंचे लांबट पट्टे लागतात, त्यावर एक-एक पॅड, केसांच्या रेषेच्या खाली. चार पॅड असतील तर उरलेले दोन मान आणि खांदा यांच्या मधल्या मांसल भागावर. बहुतेकांचं दुखणं तिथेच बसलेलं असतं, बोटाने दाबलं की माणूस "हां, इथेच" म्हणतो. दोन पॅडमध्ये किमान पॅडच्या निम्म्या रुंदीएवढं तरी अंतर ठेवा. कडा एकमेकींना टेकल्या तर करंट वरच्या वरच एका पॅडमधून दुसऱ्यात जातो आणि टोचतं.

करंट किती, यात सगळ्यात जास्त लोक चुकतात आणि धागाकर्तीने ते बरोबर पकडलंय. "जाणवतोय" एवढा करंट पुरत नाही. ठसठशीत जाणवला पाहिजे, पण दुखता कामा नये. पाच-सात मिनिटांनी मुंग्या कमी झाल्यासारख्या वाटतात, कारण मज्जातंतूंना सवय होते. तेव्हा एक पायरी वाढवायचा.

मशीनवरच्या आकड्यांचं थोडक्यात सांगते. नेहमीची पद्धत ८० ते १०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढी स्पंदनं) आणि पल्सची रुंदी, म्हणजे एक स्पंदन टिकतं तो वेळ, १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास. सलग मुंग्या येतात, आराम लगेच मिळतो आणि मशीन काढल्यावर बऱ्यापैकी लवकर ओसरतो. दुसरी पद्धत २ ते ४ हर्ट्झची, पल्स जरा रुंद. यात स्नायू टक्-टक् असा उडताना दिसतो. आराम यायला वेळ लागतो, पण तो मागे जास्त रेंगाळतो. या पद्धतीत शरीराची स्वतःची वेदनाशामक रसायनं, एंडॉर्फिनं, कामाला लागतात. मान नुकतीच आखडली असेल तर मात्र स्नायू उडवणारी पद्धत सोसत नाही. तेव्हा पहिलीच बरी.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गुण येईनासा झाला, तेव्हा मशीन बिघडलेलं नव्हतं. रोज तीच वारंवारता, तोच करंट दिला की शरीर त्याला सरावतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत चार-पाच दिवसांतच हे दिसलंय. म्हणून मी रुग्णांना एक दिवस वरची वारंवारता, एक दिवस खालची असं सांगते, किंवा मशीनमध्ये स्वतःहून बदलत राहणारा मोड असेल तर तो वापरायला सांगते. दिवसातून चारदा तर अजिबात गरज नाही.

टिटवी

मला एक गोष्ट सांगायलाच हवी. माझी मान समोरून, म्हणजे कानाखालून गळपट्टीच्या हाडापर्यंत जी दोरी दिसते तिथे, दुखत होती. दुखतं तिथे लावायचं असतं असं वाटून मी एक पॅड जबड्याच्या खाली गळ्याच्या बाजूला लावला. करंट वाढवला आणि काही क्षणांत डोळ्यांपुढे अंधारी आली. मी खुर्चीत बसलेली होते आणि बहीण शेजारी होती. तिने मशीन बंद केलं, मला आडवं केलं. दहा मिनिटांत ठीक झाले. पण त्या दिवसाची भीती अजून आठवते. पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

पायवाट

टिटवी, तुम्ही बसलेल्या होतात आणि बहीण जवळ होती हे फार बरं झालं. जबड्याच्या कोनाखाली, जिथे नाडी लागते, तिथे मेंदूला रक्त नेणारी धमनी दोन फाट्यांत विभागते. त्या फाट्याशी रक्तदाब मोजणारा एक संवेदनशील भाग असतो. त्याला उत्तेजन मिळालं की शरीराला वाटतं रक्तदाब वाढलाय, आणि ते हृदयाचे ठोके आणि दाब दोन्ही खाली आणतं. शिवाय पुढे स्वरयंत्राचे स्नायू आहेत, तेही आवळू शकतात. गळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर पॅड कधीही लावायचा नाही. फक्त मागे.

तुमची ती 'दोरी' म्हणजे कानामागून छातीच्या मधल्या हाडाकडे जाणारा स्नायू. त्याचं दुखणं बऱ्याचदा मान पुढे काढून बसण्यातून येतं. त्याला व्यायाम आणि हलका शेक पुरतो.

चालूच आहे तर बाकीचंही सांगून टाकते. अपस्मार असलेल्यांनी मानेवर-डोक्यावर लावू नये. बधिर झालेल्या, जखम असलेल्या त्वचेवर नको. जिथे कर्करोगाची गाठ आहे किंवा होती, तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदरपणातही विचारूनच. गाडी चालवताना नको, आंघोळीच्या वेळी नको, लावून झोपू नका. पॅड लावताना-काढताना मशीन बंद.

उंबर

सगळ्यांचे अनुभव वाचले. माझा अनुभव सांगण्यासारखा नाही, मी आईसाठी म्हणून यावरचं संशोधन वाचलं होतं. जे सापडलं ते इथे ठेवतो, कारण लोक आशेने पैसे घालतात आणि त्यांना खरं चित्र कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

२०१९ साली कॉक्रेनने (वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था) जुनाट मानदुखीवरच्या टेन्सच्या चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. सात चाचण्या, सगळी मिळून ६५१ माणसं. पुरावा इतका कच्चा निघाला की टेन्सचा उपयोग होतो असंही म्हणता आलं नाही आणि होत नाही असंही ठामपणे म्हणता आलं नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये, ज्या जुनाट वेदनेमागे दुसरं कारण सापडत नाही त्यासाठी टेन्स देऊ नये असंच सांगितलं. दुसऱ्या बाजूला २०२२ साली एक मोठं विश्लेषण आलं. सगळ्या प्रकारच्या वेदनांवरच्या ३८१ चाचण्या त्यात एकत्र केल्या होत्या. त्यात असं दिसलं की मशीन चालू असताना आणि बंद केल्यावर लगेच, खोट्या मशीनपेक्षा वेदना खरोखर कमी असते.

अडचण अशी की या विषयात खोटं मशीन बनवणंच अवघड. गोळी खरी की साखरेची हे कळत नाही, पण मुंग्या येताहेत की नाही हे माणसाला कळतंच. आणि जुन्या बऱ्याच चाचण्यांत करंट फारच कमी ठेवलेला होता.

कानामात्रा

उंबर, हे लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. मी मशीन घेण्याआधी हे वाचायला मिळालं असतं तर माझे पाच महिने वाचले असते. "चालू असताना आणि लगेच नंतर" हे तर अगदी माझ्या मानेबद्दलच लिहिलंय असं वाटलं. म्हणून तेवढा वेळ काय करायचं तेच महत्त्वाचं.

मी आता काय करते ते सांगते. संध्याकाळी काम संपलं की वीस मिनिटं मशीन. पहिली दहा मिनिटं नुसती बसते. मग मशीन चालू असतानाच मान हळूहळू दोन्ही बाजूंना वळवते. आधी जिथे अडकायची तिथवर न्यायची, क्षणभर थांबायचं, परत यायचं. मग हनुवटी मागे. टेबलाचा खण आत ढकलतो ना, तशी सरळ मागे, वर-खाली न करता. पाच मोजायचे, सोडायची. दहा वेळा. मग दोन्ही खवाटे मागे एकमेकांकडे आणायचे, खांदे कानाशी न नेता. शेवटी कपाळाला हात लावून, डोकं न हलू देता, हाताविरुद्ध दाबायचं. तसंच मागून आणि दोन्ही बाजूंनी. हे शेवटचं मला सुरुवातीला मशीनशिवाय करताच येत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात काहीच फरक नव्हता, हेही सांगते. दुसऱ्या आठवड्यात रस्ता ओलांडताना मी उजवीकडे बघितलं. फक्त मान वळवून. त्याआधी कित्येक महिने मी सगळं धड वळवून बघत होते, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

रोहित्र

इलेक्ट्रॉनिक्समधला माणूस आहे, म्हणून यंत्राबद्दल थोडं.

घरच्या मशीनमध्ये साध्या बॅटरीवरून बारीक स्पंदनं तयार होतात. प्रत्येक स्पंदन सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढं. चांगल्या मशीनमध्ये स्पंदन दोन्ही दिशांनी जातं. एकदा इकडून तिकडे, मग तिकडून इकडे, आणि दोन्हींची बेरीज शून्य. हे मुद्दाम केलेलं असतं. करंट एकाच दिशेने जात राहिला तर पॅडखाली आम्ल-अल्कली साठून त्वचा भाजते.

पॅड वाळले, कडा सुटल्या, की तेवढाच करंट लहान जागेतून जातो आणि सुया टोचल्यासारखं होतं. अशा वेळी लोक करंट कमी करतात, आणि मग गुणही येत नाही. बदलायला हवा असतो पॅड. लावण्याआधी मान साबणाने धुऊन कोरडी करा, तेल-मलम असेल तर पॅड दोन दिवसांत निकामी होतो. चिकटपणा कमी झाला तर बोटाने पाण्याचा थेंब पसरून थोडा वेळ ठेवा. वापरून झाले की त्यांच्या प्लास्टिकवर परत चिकटवायचे. एकाचे पॅड दुसऱ्याने वापरू नयेत.

आणखी एक गोंधळ. खरेदी करताना टेन्स आणि ईएमएस एकच समजले जातात. ईएमएस स्नायू आकुंचित करायला असतं, अशक्त झालेल्या स्नायूंसाठी. आधीच आखडलेल्या मानेवर ते लावलं तर दुखणं वाढू शकतं. दवाखान्यात जे मोठं मशीन असतं ते बहुधा आयएफटी, म्हणजे इंटरफेरेन्शियल थेरपीचं. त्यात ४००० हर्ट्झच्या आसपासचे दोन प्रवाह, उदाहरणार्थ ४००० आणि ४१००, एकमेकांना छेदतात, आणि आत फरकाचे १०० हर्ट्झ तयार होतात. जास्त वारंवारतेला त्वचेचा अडथळा कमी, म्हणून ते मऊ वाटतं. दवाखान्यात बरं वाटलं आणि घरी टोचतंय, असं का, याचं अर्धं उत्तर यात आहे.

विजेने दुखणं घालवायची कल्पना जुनी आहे बरं. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य डोकेदुखीवर आणि गाऊटवर जिवंत वीजमासा लावायचा. आणि वर ज्या वॉलचा उल्लेख आला, त्याने आणि विल्यम स्वीटने १९६० च्या दशकात आधी स्वतःच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूवर करंट देऊन बघितला, मग रुग्णांवर.

सांजवेळ

माझी मान दोन महिने दुखतेय. एमआरआयमध्ये चकती सरकली आहे असं आलंय. आठवड्यापासून उजव्या अंगठ्यात आणि तर्जनीत मुंग्या येतात, आणि काल भरलेलं भांडं उचलताना हातातून निसटलं. मशीन मागवलंय, उद्या येईल. दोन्ही बाजूंना लावू की फक्त उजवीकडे?

पायवाट

सांजवेळ, मशीन येईल तेव्हा ते बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. उद्याच जा. नुसत्या मुंग्यांसाठी मी इतकी घाई केली नसती, पण हातातून वस्तू निसटणं म्हणजे ताकद कमी होत असण्याची शक्यता. अंगठा आणि तर्जनी हा बहुधा मानेतून निघणाऱ्या सहाव्या मज्जामुळाचा प्रदेश. तिथे दाब किती आहे हे हाताने तपासूनच कळतं. टेन्सने दुखणं झाकलं गेलं आणि ताकद तशीच जात राहिली तर नुकसान होईल.

दोन्ही हात अवघडल्यासारखे होणं, शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, यातलं काहीही असेल तर उद्याचीही वाट बघू नका. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेली मानदुखी, तापासोबतची, वजन घटत असतानाची मानदुखीसुद्धा आधी डॉक्टरांकडेच.

एमआरआयच्या शब्दांनी मात्र घाबरून जाऊ नका. जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १२११ लोकांच्या मानेचे एमआरआय काढले होते, २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या दिसल्या. चित्र आणि त्रास यांची सांगड तपासणाराच घालू शकतो.

सांजवेळ

धन्यवाद, पायवाट. सकाळीच जाते.

अबोली

बाबांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारलं. त्यांनी मानेसाठी नाहीच म्हणून सांगितलं. बाबा गरम पाण्याच्या पिशवीने शेकतात आणि कानामात्राताईंचे हनुवटीचे व्यायाम करतात. शेकल्यावर लगेच, मान सैल असताना. मशीन मी माझ्यासाठी वापरतेय, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. आधी मी मधोमध हाडावरच लावत होते.

सांजवेळ

कळवायचं राहिलं होतं, आज बावीस दिवस झाले. तपासलं तर कोपर वाकवणारा स्नायू आणि मनगट दोन्हीत ताकद थोडी कमी निघाली. सध्या शस्त्रक्रियेची गरज नाही, औषधं आणि देखरेखीखाली व्यायाम चालू आहेत, दर आठवड्याला ताकद मोजतात. या आठवड्यात ती वाढलेली होती. आता डॉक्टरांनीच टेन्सला हरकत नाही म्हटलंय, फिजिओ समोर बसून लावून देतात. त्या दिवशी इथे विचारलं नसतं तर मी ते लावून घरीच बसले असते.

टिटवी

सांजवेळ, वाचून फार बरं वाटलं. कानामात्रा, तुमची मान आता कशी आहे? मशीन अजून रोज लावता का?

कानामात्रा

सांजवेळ, तुमची रोज आठवण यायची. दर आठवड्याला कळवत राहा.

टिटवी, मान पुष्कळ बरी आहे. लांबलचक काम आलं की ओढ परत येते, पण रात्री झोप लागते. पानं आता तिरक्या फळीवर ठेवून वाचते आणि अर्ध्या तासाने उठते. व्यायाम रोज चालू आहेत. मशीन आधी रोज, मग दिवसाआड असं होत गेलं. परवा काढलं तेव्हा दिसलं की पॅड पार वाळून गेलेत. शेवटचं कधी लावलं होतं ते आठवेना. नवे पॅड अजून आणलेले नाहीत.